कुंदाताईंचे वीस शेअर

श्यामकांतांनी बायकोचे वीस शेअर परस्पर मतदानाला लावले, तेव्हा कुंदाताई आतल्या खोलीत दुपारच्या झोपेत होत्या. त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी श्यामकांतांनी हळूच पाहून घेतला. एवढ्याशासाठी कशाला झोप मोडायची, असं त्यांचं म्हणणं.

मामला चारकोपच्या ‘मोरपंखी मसाले’ कंपनीचा होता. एका बड्या फंडाने तिचे ढीगभर शेअर घेऊन मालकांना जाहीर पत्र धाडलं होतं : फुकटचे खर्च छाटा, नफा न देणारा माल बंद करा, आमचे दोन संचालक घ्या. यावर भागधारकांनी मत द्यायचं होतं. बँकेत छत्तीस वर्षं मान खाली घालून काढलेल्या श्यामकांतांना ते खडसावणं इतकं आवडलं, की त्यांनी पत्र चारदा वाचलं आणि मत फंडालाच दिलं.

फंड जिंकला. शेअर साठ रुपयांनी चढला.

"बघ! घरबसल्या बाराशेचा फायदा, आपल्या मतामुळे!"

"आपल्या? मला कधी विचारलंत?" कुंदाताई म्हणाल्या, पण बाराशे ऐकून चहा ठेवायला उठल्या.

दिवाळी तोंडावर आली आणि डबा आला नाही. भागधारकांना कंपनी दरवर्षी चकलीच्या भाजणीचा डबा घरपोच पाठवी. कुंदाताईंनी शेअर घेतले होते तेच मुळी त्यासाठी. त्या चकल्यांवर लेकीच्या सासूबाई, मुलुंडच्या सुगंधाताई, बेहद्द खूश होत्या. भाजणी घरचीच, असं कुंदाताईंनी त्यांना सात वर्षं ठोकून दिलं होतं.

कुंदाताईंनी कंपनीला फोन लावला.

"ताई, डबा बंद झाला. नवीन संचालकांनी भाजणीच बंद केली ना! दुकानातपण नाही मिळणार."

"वाट लागली! अहो, उद्या सुगंधाताई भाजणी शिकायला येतायत! सात वर्षांची अब्रू जाणार माझी!" फोन ठेवून कुंदाताई नवऱ्यावर कडाडल्या.

"आपण फंडाकडे तक्रार करू," म्हणत श्यामकांतांनी मोबाइल उघडला. फंड शेअर विकून, नफा खिशात घालून केव्हाच पसार झाला होता आणि शेअर मुळात होता त्याहून आठ रुपये खाली बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्यामकांतांना जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. स्वयंपाकघरात सुगंधाताई वही-पेन घेऊन बसल्या होत्या. शेगडीवर रिकामी कढई तापत होती.

"या, श्यामकांतराव! कुंदाताईंनी आज खरं सांगितलं. इतकी वर्षं भाजणी तुम्हीच करता म्हणे! कमालच आहे बाई! सांगा, आधी काय भाजायचं?"

श्यामकांतांना उडीद आणि मूग यांतला फरक माहीत नव्हता. ते बायकोजवळ सरकून कुजबुजले, "अगं, मला विचारायचंस तरी!"

"झोपला होतात ना," कुंदाताई त्यांच्या हातात झारा देत म्हणाल्या. "म्हटलं, एवढ्याशासाठी कशाला झोप मोडायची!"