बैलांची वाट

"घरात अभ्यास व्हतच न्हाय, आज्जा," म्हणत तेजस्वीनं वही मिटली.

खोटं नव्हतं. स्वयंपाकघरात मिक्सर, परड्यात काकाची मोटारसायकल (ती चालण्यापेक्षा दुरुस्तच जास्त व्हायची) आणि पुढच्या सोप्यात टीव्ही. पोरीची फौजदाराची परीक्षा तोंडावर आलेली. मारुतीरावांनी एकदा नातीकडं पाहिलं, एकदा टीव्हीकडं. तो बंद करायची हिंमत त्यांच्यात नव्हती, कारण समोर त्यांच्या सौभाग्यवती जयाबाई बसल्या होत्या.

मग त्यांना ट्रस्टची खोली आठवली. येळ्ळूरहून बेळगावच्या बाजाराला जाणाऱ्या तहानलेल्या बैलांना पाणी मिळावं, म्हणून त्यांचे पणजोबा रवळूआप्पांनी रस्त्याकडेला विहीर, जनावरांना पाणी प्यायची दगडी डोणी आणि राखणदाराला एक ऐसपैस खोली बांधून ट्रस्ट केलेला. आता बाजाराला टेम्पो जातो, आणि त्याला तहान लागली तर तो पंपावर थांबतो. मारुतीराव ट्रस्टचे अध्यक्ष. बाकीचे दोघे विश्वस्त बोट दाखवाल तिथं सही करणारे.

बेळगावात राघवेंद्र वकिलांनी कागद चाळले. "होतंय की! कोर्टाची परवानगी काढून जुन्या ट्रस्टचा हेतू बदलता येतो. बैलांच्या जागी अभ्यास करणाऱ्या पोरी घालू. पण मूळ हेतू पार संपलाय, हे दिसलं पाहिजे. रविवारी कोर्टानं नेमलेल्या मॅडम जागा बघायला येतील. त्यांच्यासमोर बैल पाण्याला आले, की अर्ज बुडाला."

"बैल कुठनं येत्यात, सायेब? शर्यतीचे सोडले तर गावात सगळे ट्रॅक्टरच."

इथंच थांबले असते तर काम झालं असतं. पण मारुतीराव पक्के हिशेबी. दैवावर काही सोडायचं नाही म्हणून परतताना ते मष्णूच्या गोठ्याशी थांबले. मष्णूची शर्यतीची जोडी फॅनखाली उभी होती.

"मष्णू, रविवारी बैलं डोणीकडं आणू नगंस."

मष्णू जन्मात कधी बैल घेऊन डोणीकडं फिरकला नव्हता. "का वो, अण्णा?"

"सहजच, रं."

गावात 'सहज' ही गोष्ट कुणी सहज घेत नाही. त्यातून अण्णा 'सहजच' आणखी चार गोठे फिरले. दिवेलागणीला पारावर निकाल लागला.

"सरकार बैलामागं कायतरी देणार हाय. मॅडम मोजायला येणार."

"तरीच! अण्णा एकटाच घशात घालतोय व्हय?"

रविवारी मारुतीराव डोणीपाशी पोचले, तर रस्ता शिंगांनी भरलेला. ज्यांच्याकडं बैल नव्हते त्यांनी पाहुण्यांचे आणलेले. खानापूरहून टेम्पोतून एक झूल घातलेला खोंड उतरत होता. दोर धरणारा माणूस ओळखीचा वाटला, म्हणून पाहतात तर जयाबाईंचा सख्खा भाऊ!

"दाजी, आमचा पण नंबर लावा की!"

"घरला न्हे त्याला!" मारुतीराव ओरडले. तोवर मॅडमची गाडी येऊन थांबली.

"अहो, अर्जात तर बैल संपले म्हटलंय," मॅडमनी चष्मा सावरला.

"कोण म्हणतं?" मष्णू पुढं सरला. "तहानलेत बिचारे. पण ह्ये अध्यक्ष डोणीत थेंब सोडत न्हाईत!"

डोणी खरंच कोरडी होती. तिच्यात कुणाची तरी कोंबडी बसली होती.

महिन्याभरात हुकूम आला. बैलांची गरज धडधडीत दिसत असल्यानं हेतू बदलता येणार नाही. उलट विश्वस्तांनी डोणी रोज भरावी आणि बैलांची वाट पाहायला खोलीत दिवसभर माणूस बसवावा. मारुतीराव घरी येऊन मटकन बसले.

"झालं, पोरी. बुडालं सगळं."

तेजस्वीनं हुकूम दोनदा वाचला. फौजदार होणारी पोरगी ती.

"आज्जा, माणूस म्हंजी मी चालतो की."

दुसऱ्या दिवशी ती पुस्तकं घेऊन बैलांची वाट बघायला बसली. खोलीच्या भिंती जाड, विहिरीवरून येणारा गार वारा, मिक्सर नाही, टीव्ही नाही. आणि देण्याबिण्याचं काही नाही, हे कळल्यापासून एक शेपूट तिकडं फिरकलं नाही. एकटीला बैल चुकून दिसायचा नाही, म्हणून हिशेबी अध्यक्षांनी तिच्या चार मैत्रिणीही नेमल्या. विश्वस्तांनी दाखवाल तिथं सह्या केल्या.

एके दुपारी मॅडम न सांगता तपासणीला आल्या. डोणी काठोकाठ भरलेली. आत पाच माना पुस्तकांत.

"बैल कुठायत?"

"त्यांचीच वाट बघायलोय, मॅडम," तेजस्वी उठून उभी राहिली. "हुकूमच हाय तसा."

मॅडमनी पाची पुस्तकं नीट पाहिली. काही बोलणार, तेवढ्यात बाहेर छनछन झाली. शर्यतीवरून परतणाऱ्या मष्णूच्या जोडीला आज खरोखरच तहान लागली होती. डोणी भरून तिथंच थांबलेल्या मारुतीरावांच्या तोंडचं पाणी पळालं: आता पोरींचा अभ्यास बुडणार! मॅडम झटकन बाहेर गेल्या आणि त्यांनी हात आडवा केला.

"आधी घुंगरं सोडा, मग पाण्याला आणा. आत अभ्यास चाललाय."