मिठाशी संबंध तोडलेले परबकाका

सोसायटीच्या सत्यनारायणाच्या जेवणात वाढप्याने पानात मिठाची चिमूट ठेवली की परबकाका पान उचलून उभे राहतात. "हे काढ आधी. मला मारायला निघालायस?" वाढपी नवा असला तर घाबरून वरणभातही परत नेतो.

काका कांदिवलीत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. काकू गेल्या, मुलगी लग्न करून बंगळुरूला. घरात काका आणि त्यांचं बीपी, दोघंच. बीपी निघालं त्याच दिवशी त्यांनी मिठाची बरणी आमच्या हिच्या हातात आणून दिली. "घे सूनबाई, मिठाचा आणि माझा संबंध संपला." तेव्हापासून भेटेल त्याला हेच ऐकवतात. बसस्टॉपवर कोणी वेफर्स खाताना दिसला तरी ओळख नसताना चुकचुकतात.

एवढं करूनही बीपी काही उतरेना. काका रोज सकाळी दंडाला पट्टा बांधायचे आणि मशीन चालू असताना मशीनशीच भांडायचे. आकडा वर गेला की म्हणायचे, "यार, मशीनलाच बीपी आहे." मग खात्रीसाठी पट्टा माझ्या दंडाला. माझं नॉर्मल आलं की माझ्यावर चिडायचे.

शेवटी मीच त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो.

"गोळ्या वेळेवर घेता?"

"रोज."

"मीठ?"

"घरात खडा नाही. विचारा याला."

"मग जेवता काय?"

"साधंच. पेज आणि सुका बांगडा."

बाईंचं पेन थांबलं. "काका, बांगडा सुकवतात कसा?"

"उन्हात."

"आणि उन्हात ठेवायच्या आधी त्याला काय लावतात?"

काकांनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते मीठ बांगड्याचं. मी घातलेलं नाही."

बाई हसल्या नाहीत. बांगडा चालू राहिला तर गोळ्या कुठवर वाढवायच्या, आणि एक दिवस डोक्यातली नस फुटली तर घरात पाणी द्यायला कोण आहे, असं त्यांनी सरळ विचारलं.

तरी पुढच्याच आठवड्यात जिन्यात सुका बांगडा भाजल्याचा वास. मी तणतणत वर गेलो. "काका, स्वतःची वाट लावून घ्यायचीय का?"

"बस आधी," काका म्हणाले. "माझी बहीण आहे ना, माई, ती देवगडला एकटी असते. गुडघे गेलेत तिचे. तरी अंगणात बसून कावळे हाकलत माझ्यासाठी बांगडे सुकवते, गाडीने पाठवते. मग फोन करून विचारते, कसा लागला. तिला बीपीचं सांगितलं तर पाठवायचं बंद करेल. मग फोन कशाला करेल ती?"

"न खाता सांगा, छान लागला म्हणून."

"माईशी खोटं नाही रे जमत. तिला आवाजावरून कळतं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी बांगड्यांचं पुडकं उचललं आणि खाली आमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं.

आता दर रविवारी बांगडा आमच्याकडे भाजला जातो. मी, ही आणि माझी आई खातो. काका समोर बिनमिठाची भाजी-भाकरी घेऊन बसतात आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघतात. "कसा झालाय? नीट चावून सांग. कडक नाही ना?" मशीनही हल्ली शहाण्यासारखं वागायला लागलंय, असं त्यांचं म्हणणं.

परवा आम्ही जेवत असतानाच माईंचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"कसो झालो रे बांगडो?"

"बरो झालो गो. काटो सुदीक शिल्लक नाय."

"सगळो तू एकट्यानच खाल्लंस?"

काकांनी आमच्या तिघांकडे पाहिलं. "एकटो कित्याक? घरात चार माणसां आसत गो."

पलीकडून माई म्हणाल्या, "मगे पुढच्या वेळाक जास्त धाडतंय."

हिने काकांच्या ताटात आणखी भाजी वाढली. आईने पदराने डोळे पुसले आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "जरा खारट आहे हो."

काकांनी घाईघाईने फोनवर हात ठेवला. "हळू बोला. माई ऐकेल."