माही

आमच्या घरी सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरलेली वडी, तळली की ताटात उरलेल्या शेवटच्या वडीकडे कोणी पाहतही नाही. शेजारचा रोशन बसलेला असला तर तो अर्ध्या घासात "माही!" असं ओरडतो आणि ती उचलतो. आमच्या वऱ्हाडीत 'झ'चा 'ह' होतो: माझी ती माही, तुझी ती तुही. पहिल्यांदा हे ओरडणं ऐकलं तेव्हा माझ्या बायकोच्या हातातला झारा सुटला. जमिनीला लागायच्या आत रोशननं तो झेलून छातीशी धरला होता, तेलासकट. तो शर्ट मग सायकल पुसायला गेला.

रोशन धकाते गोलकीपर आहे. आमच्या तांडापेठेतला फुटबॉल खेळण्याचा पगार घेणारा हा पहिलाच पोरगा. त्याचे वडील नामदेवराव जन्मभर कामठीच्या पॉवरलूमवर होते. त्या खडखडाटानं त्यांचे कान गेले, त्यामुळे त्या घरात हळू बोलण्याची पद्धतच नाही. पोरगा बोलायला शिकला तो ओरडूनच.

हवेतली वस्तू खाली पडलेली त्याला सोसत नाही. "टप्पा पडू द्याचा नाही, काकाजी," हे त्याचं ब्रीद. चुलतभावाच्या लग्नात मित्रांनी नवरदेवाला खांद्यावर उचललं, नवरीनं खालून हार फेकला आणि तो पार पलीकडे चालला. रोशननं सूर मारून झेलला. तिथवर ठीक होतं. पण सवयीनं त्याच्या तोंडून "माही!" गेलं आणि अख्खा मांडव नवरीकडे पाहू लागला.

मी मराठीचा निवृत्त मास्तर. मला त्या शब्दाचं वेगळंच दुखणं. एकदा त्याला म्हटलं, "अरे, बॉल पुल्लिंगी आहे. निदान 'माहा' तरी म्हण."

"बॉल कोनाचाही राहो, काकाजी," तो म्हणाला. "गोलासमोरची जागा माही."

व्याकरणात मी सहसा हार मानत नाही. त्या दिवशी चहा प्यायला आत गेलो.

पुढे दक्षिणेतल्या एका क्लबानं त्याला घेतलं. तिथल्या कोचनं सांगितलं, उंच बॉल घ्यायला निघालास की "कीपर" ओरडायचं, म्हणजे आपली माणसं बाजूला होतात. सुटीत आला की तो गच्चीवर सराव करायचा आणि मी संत्री फेकायचो. सोपं संत्रं आलं की "कीपर". जरा उंच, अवघड गेलं की "माही!" गल्लीतल्या पोरांना "कीपर" पाठ झालं, याला काही होईना.

क्लबात तो तिसरा कीपर, म्हणजे बाकावरचा. "बसूनच राहिलो, काकाजी," फोनवर सांगायचा. "पण हातमोजे घालून बसतो." मग एका मोसमाच्या अखेरीस पहिल्याचं बोट मोडलं, दुसरा तापानं आडवा झाला, आणि रोशन उभा राहिला. आम्ही सगळे आमच्या टीव्हीपुढे बसलो. नामदेवराव अगदी काचेला नाक लावून.

सामना संपत आला होता. कोपऱ्यातून उंच बॉल आला. रोशन धावला आणि टीव्हीतूनही ऐकू येईल असं ओरडला, "माही!" त्याच्यापुढे उभा असलेला बचाव खेळाडू थॉमस, केरळचा. त्याला वऱ्हाडी कुठून येणार? तो हटला नाही, उडी मारली, दोघांची डोकी आपटली. बॉल खाली पडला, एक टप्पा घेतला आणि आत गेला. क्लब हरला.

"ओरडला वाटते पोरगा," नामदेवराव कौतुकानं म्हणाले. बायकोनं टीव्ही बंद केला.

करार त्या मोसमापुरताच होता. पुढे ठेवायचं की नाही, ते फोन करून कळवू म्हणाले. रोशन घरी आला, आमच्याकडे जेवायलाही यायचा, पण गप्प. ताटात शेवटची वडी तशीच राहू लागली. बायको पुन्हा पुन्हा ताट त्याच्यापुढे सरकवायची आणि तो "पोट भरलं, काकू" म्हणायचा. मला ते पाहवत नव्हतं.

एका रविवारी असेच जेवत होतो, नामदेवरावही होते. रोशनचा फोन वाजला. हात खरकटा, म्हणून त्यानं स्पीकर लावला. थॉमस होता.

"उस दिन कोच पूछा, गलती किसका," थॉमस बोलू लागला. "मैं डर के चुप. तू बोला, माही. तब मेरे को समझा, माही मतलब क्या होता."

रोशन ताटात बोट फिरवत राहिला. ही गोष्ट त्यानं आम्हाला सांगितलीच नव्हती. गलती स्त्रीलिंगी आहे. पोरगा व्याकरणात बरोबर होता.

"कल मैं कोच को सच बोल दिया. रोशन बोला था, मैं नहीं हटा. कोच बोला, इसका मुँह नहीं बदलता, तुम लोग ही वर्ड सीख लो. तेरे को रख रहा है. ऑफिस से फोन आएगा." मग जरा थांबून, "अभी ये बता, मैं हटेगा तो क्या चिल्लाएगा? माही का उल्टा क्या?"

"तुही," रोशन म्हणाला.

"तू ही? हिंदी वाला?"

रोशननं डोळे मनगटानं पुसले. "दोनों," तो म्हणाला.

फोन बंद झाला. ताटात एक वडी उरली होती. आम्ही नवराबायको कान सावरून वाट पाहत बसलो. रोशननं ती उचलली, वडिलांकडे वळला, त्यांच्या कानाशी वाकला आणि घर हादरेल असं ओरडला, "बाबा, तुही!"

"काहून ओरडून राहिला गा?" नामदेवराव वडी घेत म्हणाले. "ऐकू येते मले."