तीस बिटांची डबी

लग्नाच्या सकाळी नवरीकडच्यांनी दार लावून बसायचं आणि वरपक्षाच्या बायकांनी बाहेरून गाणी म्हणत, भेटी देत ते उघडायला लावायचं, असा त्या डोंगराळ भागातला रिवाजच होता. नवरीचा बाप गिताही याच्या घराचं दारही रिवाजाप्रमाणे बंद झालं होतं. फक्त ते आता खरोखरच उघडत नव्हतं.

गिताहीनं मूठ डावीकडे फिरवली, ती फिरली. उजवीकडे फिरवली, तिकडेही फिरली. आतली खिट्टी मात्र जागची हलली नाही. बाहेर तीस-चाळीस बायका टाळ्यांच्या ठेक्यावर गात होत्या.

"काय झालं?" त्याच्या बायकोनं, वांजुगूनं विचारलं.

"काही नाही. मूठ जरा लाजतेय."

मूठ लाजत नव्हती. तिच्या पट्टीचे स्क्रू गिताहीनं आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं बसवले होते, आणि ते अर्ध्यातच अडकले होते. त्यामुळे पट्टी सैल राहिली आणि मुठीचा दांडा आतून निसटला. याचं मूळ होतं एका पिवळ्या डबीत. बाजारात एका फिरत्या विक्रेत्याकडून गिताहीनं तीस बिटांचा, म्हणजे ड्रिलला लावून स्क्रू पिळायच्या टोकांचा, संच अगदी स्वस्तात घेतला होता. शहरातल्या हार्डवेअरच्या दुकानात एवढ्या पैशांत दोन बिटंसुद्धा आली नसती. वांजुगू म्हणाली होती, "मऊ दिसतंय हो हे." त्यावर गिताहीनं तिला ऐकवलं होतं, "लोखंड ते लोखंड. मऊ असायला ते काय उकडलेलं रताळं आहे?"

मग शेजाऱ्याचं ड्रिल मागून आणून त्यानं घरभर स्क्रू पिळायचा सपाटा लावला. कपाटाच्या बिजागऱ्या झाल्या, पडद्यांच्या दांड्या झाल्या, पातेल्याचा कान झाला, रेडिओची पाठ झाली. शेवटी सासूबाईंचा चष्माही त्याच्या तावडीतून सुटला नाही. त्या दिवसापासून सासूबाई चष्मा एका हातानं धरून जेवत होत्या. प्रत्येक स्क्रूला बिटाची फुली थोडी थोडी झिजत गेली, आणि सर्वांत शेवटी नंबर लागला तो नव्या दाराच्या नव्या कुलपाचा.

"मागच्या दारानं जाऊ या," नवरी न्याविरा पांढरा झगा दोन्ही हातांनी उचलून धरत म्हणाली.

"मागचं दार कुठाय आपल्याला?" गिताही म्हणाला. स्वयंपाकघर अंगणात वेगळं होतं आणि खिडक्यांना जाड गज होते. तेही त्यानंच बसवून घेतले होते, चोरांच्या भीतीनं.

"बाबा, दहाला चर्चमध्ये पोचायचंय! पाद्रीबाबा थांबत नाहीत." हे खरं होतं. गेल्या महिन्यात उशिरा आलेल्या एका जोडप्याला पाद्रीबाबांनी पुढच्या लग्नानंतर उभं केलं होतं, आणि तोवर पाहुण्यांनी त्यांच्या जेवणावर हात मारून घेतला होता.

"उघडतो गं. पण बाहेर कुणी बोलायचं नाही हं! मुलीच्या बापाला स्वतःचं दार उघडता येत नाही, असं कळलं तर माझी अब्रू राहील का? मुकामी, तू त्यांना गुंतवून ठेव."

मुकामी ही वांजुगूची बहीण. तिच्या गळ्याला आणि आगाऊपणाला सगळ्या गावात तोड नव्हती. ती खिडकीशी जाऊन गाऊ लागली, "दार आमचं रुसलं बाई, गोड काही खाल्लं नाही!"

बाहेरच्या घोळक्याची पुढारी होती नवऱ्या मुलाची वारुगुरू आत्या. ती गड्यासारखी उभी राहून गरजली, "साखर द्या गं त्यांना! आमच्या घरची वरात आजवर कुठल्या दारावरून परतली नाही!" गजांतून साखरेचे पुडे आत येऊ लागले.

गिताहीनं ड्रिलला बिट लावून वरच्या स्क्रूवर टेकवलं. बिट घर्रकन घसरलं आणि स्क्रूची फुली होती तिथं वाटी झाली. दुसरं बिट त्या वाटीत नुसतंच गरगरलं. तिसऱ्याला त्यानं अंगाचा सगळा भार दिला, तेव्हा टोक मोडून आतच राहिलं.

"अजून वेळ लागेल," तो घाम पुसत कुजबुजला.

"दाराला थंडी वाजते हो!" मुकामीनं सूर लावला.

घोंगड्या आल्या. त्या गजांतून जाईनात, तेव्हा आतून चौघी आणि बाहेरून चौघी अशी रस्सीखेच झाली. एक घोंगडी आत आली तेव्हा तिच्याबरोबर बाहेरच्या कुणाचा तरी डोक्याचा रुमालही आला.

गिताहीनं मधला स्क्रू धरला. या वेळी बिट मोडलं नाही; त्याला मुरड पडली. तो त्या मुरडलेल्या बिटाकडे बघतच राहिला. लोखंड ते लोखंड, हे वाक्य त्याला आठवलं आणि ते वांजुगूलाही आठवत असणार, याची त्याला खात्री होती.

"आता काय मागू?" मुकामीनं मागे वळून विचारलं.

"काहीही माग!"

मुकामीनं बकरी मागितली. बकरी तयारच होती. वारुगुरू आत्यानं ती खिडकीशी आणून उभी केली. बकरीनं गजांतून तोंड आत घातलं आणि न्याविराच्या हातातल्या गुच्छाची दोन फुलं खाल्ली.

न्याविराला रडूच फुटलं. "बाबा, माझं लग्न होणार नाही! मी म्हातारी होईन इथंच, या दाराआड!"

हे मात्र गिताहीला सोसवेना. अब्रू गेली खड्ड्यात, पोरीच्या डोळ्यांत आज पाणी नको, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. तो खिडकीशी गेला, बकरीचं तोंड बाजूला सारलं आणि खच्चून ओरडला, "ऐका हो! मला काही नको! दार बिघडलंय! खरंच उघडत नाही!"

गाणं थांबलं. मग वारुगुरू आत्यानं गालावर हात मारून घेतला.

"बघा गं बघा! काय पण मुरलेला माणूस आहे! सरळ सरळ नवीन दारच मागतोय!"

बायका खदखदून हसल्या. "दार देऊ! दार देऊ!" असं नवं गाणंच सुरू झालं.

"अहो, मागत नाहीये! सांगतोय!"

"कळतंय हो व्याही! आम्हीही मुली दिल्या आहेत!"

गिताहीनं कपाळाला हात लावला. खोटं बोलला होता तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात वांजुगूनं त्याला हलकेच बाजूला केलं आणि शांतपणे बाहेर सांगितलं, "दार नको हो, आत्याबाई. पाण्याची टाकी द्या. मोठी, काळी, झाकणाची."

बाहेर खुसफूस झाली. माना एकत्र आल्या. कुणीतरी फोन लावला. मग वारुगुरू आत्यानं हात वर केला. "दिली! छपराच्या पन्हळीसकट दिली! पोरीला आता तरी बाहेर पाठवा!"

"सरका," वांजुगू नवऱ्याला म्हणाली. तिनं कमरेला गुंडाळलेल्या रंगीत कापडाची, लेसोची, गाठ सोडली आणि त्यातून एक करडं, आखूड, जाडसर बिट काढलं. ते ड्रिलला लावलं, गिताहीनं अजून न बिघडवलेल्या खालच्या स्क्रूवर नीट टेकवलं आणि वरून छातीचा जोर दिला. भांड्यावर त्याचंच झाकण बसावं तसं ते बसलं. ड्रिल उलटं फिरलं, कुर्र आवाज झाला आणि स्क्रू मुकाट्यानं बाहेर आला. पट्टीचं सुटलेलं खालचं टोक ओढून धरून तिनं सुरीच्या टोकानं खिट्टी ढकलली.

दार उघडलं आणि वरपक्ष नाचत आत घुसला. वारुगुरू आत्यानं गिताहीला कडकडून मिठी मारली. "इतका चिवट व्याही मी जन्मात पाहिला नाही!"

पाद्रीबाबा घड्याळाकडे बघत चर्चच्या पायरीवर येऊन उभे राहिले होते, तेवढ्यात नवरीची गाडी पोचली. लग्न वेळेवर लागलं, फक्त गुच्छ एका बाजूनं खाल्लेला होता.

जेवणं चालू असताना गिताही बायकोशेजारी येऊन बसला. बराच वेळ तो ताटातलं मटण नुसतं चिवडत होता.

"ते बिट कधी घेतलंस?"

"झग्याचं माप द्यायला शहरात गेले होते तेव्हा. दुकानदाराला म्हटलं, तुझ्याकडचं सगळ्यात चांगलं एकच दे."

"म्हणजे सकाळपासून तुझ्या कमरेला होतं? मी तिथं घामाघूम होतोय, पोरगी रडतेय, आणि तू..."

"लग्न झाल्यापासून ओढ्यावरून पाणी आणतेय मी," वांजुगू म्हणाली. "तुम्हाला टाकी मागितली की तुमचं आपलं पुढच्या वर्षी. म्हटलं, आज दार बंद आहे आणि समोर देणारे उभे आहेत."

गिताहीला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त तिचा अभिमान वाटला. पण एक शंका त्याला गप्प बसू देईना.

"आणि त्यांनी टाकी कबूल केली नसती तर?"

वांजुगूनं त्याच्या ताटात आणखी एक मटणाचा तुकडा वाढला.

"केली असती हो," ती म्हणाली. "तुमच्या डबीत अजून बरीच बिटं शिल्लक होती."