कडक भाकरीच्या तारखेची मोहीम

“ह्या खेपेला जर फुकट थापायला लावलीसा, तर काशम्माक्का, मी माझा तवा उचलून चालले बगा,” ऐसे मथुराबाई जाळ मागे ओढीत, शेजारी पीठ मळणाऱ्या काशम्मांच्या कानाशी पुटपुटल्या. आणि तेवढ्या पुटपुटण्याने सोलापुरातील एका भाकरीच्या दौलतीचे तख्त हालले, त्याची हकीकत येथे लिहिली आहे. वाचणाराने हात पुसून, अदबीने वाचावी.

काशम्मा मातुश्रींनी बारा वर्षांमागे एका तव्यावर ही दौलत मांडिली आणि मग सहा बायकांची फौज उभी केली, आणि त्या फौजेत मथुराबाई म्हणजे खासा तोफखाना. त्यांची भाकरी पापडागत पातळ, खडखडीत, दोन महिने टिकावी ऐसी. त्या गेल्या तर भट्टी राहील आणि भाकरी जाईल, हे काशम्मा पक्के जाणून होत्या.

पुढे लेक अक्षता पुण्यास दिली, आणि जावई राजश्री मल्लिनाथराव अक्कलकोटकर, संगणकविद्येत निपुण, पुण्यात बसून अमेरिकेची चाकरी करणारे, यांनी सासुरवाडीच्या मायेपोटी, कितीएक रविवार खपून, भाकरीची वेबसाइट बांधून दिली. रंग उत्तम, फोटो उत्तम. तारीख मात्र अमेरिकेच्या रिवाजाने पडे, महिना आधी आणि दिवस मागाहून.

मग सांगोल्याच्या धनाजी बागायतदारांनी बहिणीच्या लग्नास पाचशे भाकरी मागविल्या, तारीख ०६/०५/२०२५. फौजेने सहा मे वाचिले आणि टेंपो कूच करिता जाहला. तेथे मांडव नाही, पाहुणा नाही, धनाजींच्या मातुश्री फुलाबाई शेळ्यांस पाला घालीत होत्या, त्या वदल्या, “लगीन पाच जूनला हाय की! तवर पाचशे भाकरी ठिवू कुटं? शेळ्यास्नी घालू?” टेंपो माघारा फिरला आणि खड्ड्याखड्ड्याने निम्म्या रसदेचा चुरा जाहला.

तेव्हा काशम्मांचे यजमान सिद्धारामअण्णा यांनी खलबत करून हुकूम फर्माविला, की आजपासून तारीख उलटी वाचावी. परंतु वेबसाइटचा कावा गहिरा. कॅलेंडरातून निवडली तर तारीख अमेरिकी पडे, आणि हाताने लिहिली तर जैसी लिहिली तैसी राही. वेळापूरच्या बिरप्पांनी वास्तुशांतीस ०८/०५/२०२५ हाताने लिहिली. फौजेने हुकमाबरहुकूम उलटी वाचून पाच ऑगस्ट ठरविला आणि स्वस्थ राहिली. आठ मे रोजी भर दुपारी फोन खणाणला, “पंगत बसलीया, भाकरी कुटं हाय?” त्या दिवशी वेळापुरास पंगत निव्वळ भातावर निभावली.

ऐशा दोन शिकस्ती जाहल्या, आणि मग कोणी मोबाइलच्या काचेस दोष दिला, कोणी नेटवर्कास, कोणी बिरप्पांच्या चष्म्यास. परंतु जावयाचे नाव कोणाच्या तोंडून निघेना. कां की जावई आला तर पाट मांडावा, तूप आखडू नये आणि चूक दाखवू नये, ऐसा घराण्याचा रिवाज.

इतक्यात करकंबच्या शरणप्पांची हजार भाकरीची मागणी आली: ०७/०६/२०२५, १२:००. सात जून की सहा जुलै? दुपारचे बारा की मध्यरात्रीचे? फोन लावावा तर नंबरात एक आकडा कमी, आणि ईमेलाची विद्या एकट्या जावयास अवगत. याच समयी मथुराबाई पुटपुटल्या, आणि याच दिवशी, शनिवारी, ३१ मे रोजी, लेक-जावयाची स्वारी दाखल जाहली.

पंगत मांडिली. सिद्धारामअण्णांनी लांबून मोर्चा लाविला, “जावईबापू, हल्ली लोकांस्नी तारीख कळंना झालीया.”

“लोकांना शिकवायला पाहिजे, मामा. खाली बारीक अक्षरात सूचना टाकतो.”

“टाका की! लई झ्याक!” म्हणोन अण्णा ताटात दडले. अक्षताबाईंनी उगाच लोणच्याची चौकशी केली. आणि मग परसदारी तवा उचलल्याचा खणखणाट जाहला.

काशम्मांनी तुपाची वाटी खाली ठेविली आणि त्या बोलिल्या, “लोकांचं न्हाय, जावईबापू. चूक तुमची हाय. तारीख दोन तऱ्हांनी वाचता येती, आन् आमची माणसं त्यात भरडत्यात.”

मल्लिनाथराव कानापर्यंत लाल जाहले, मग म्हणाले, “व्हय मामी.” आणि उजवा हात उष्टा, सबब डाव्या हाताने लॅपटॉप उघडिला.

तेथेच तहनामा ठरला. महिना अक्षरात लिहावा, साल चार आकडी असावे, आणि वेळेमागे सकाळ, दुपार की रात्र हे स्पष्ट यावे. मथुराबाई तवा काखेत घेऊनच दाराशी उभ्या होत्या, त्यांनी आपले कलम घातले, “आन् वार लिवा. सोमवार सिद्धेश्वराचा वार, भट्टी बंद. आमी वारावर जगतो, आकड्यावर न्हाय.” कबूल जाहले. गिऱ्हाइकास अखेरीस सबंध ओळ दाखवून ‘हेच ना?’ ऐसे पुसावे, हेही ठरले. शरणप्पांस ईमेल रवाना जाहला, आणि जबाब आला: शनिवार, ७ जून २०२५, दुपारी १२ वाजता. मथुराबाईंनी तवा चुलीवर ठेविला.

मग त्या शनिवारी हजार भाकरी करकंबास रवाना जाहल्या. पेट्या चढवू लागण्यास जावई खासा पुण्याहून आले होते. शेवटची पेटी ठेवून ते सासूबाईंस हळूच म्हणाले, “मामी, चूक माझी हाय हे मला सांगोल्याच्या वक्तालाच कळलं होतं. पण तुमी कोण काय म्हणंना, मग मलाबी म्हणवंना.”

ऐसी फत्ते जाहली आणि ऐसा कबुलीजबाब नोंदला गेला: शनिवार, ७ जून २०२५, सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी.