एका स्टारची चादर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सिनूच्या गेमला एक स्टार देऊन खाली वाकडं लिहिणारा ‘पक्का सोलापुरी’ म्हणजे मीच.

सिनू म्हणजे श्रीनिवास. माझा शेजारी आणि कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधला जुना सोबती. मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटतं अशा दुपारी, जाडजूड चादर खांद्यावर टाकून कुणी कोथिंबिरीचा भाव करताना दिसलं तर तो सिनूच. “ब्रँड हाय बे,” तो म्हणतो. “गेम करणारे लई हायत. चादरवाला एकच.” घामही चादरीनंच पुसतो.

पंचेचाळिशीत त्यानं लॅबमधली नोकरी सोडली आणि एकट्यानं गेम केला. नाव ‘धोटा’. विणायच्या मागावर दोरा इकडून तिकडं नेणारा धोटा आपण पळवायचा, दोरा तुटू द्यायचा नाही; शेवटपर्यंत टिकलात तर चादर पुरी होते. मग तो रोज मोबाईलसमोर बसून गेमचे व्हिडिओ करू लागला. सुरुवात ठरलेली: “नमस्कार, मी चादरवाला. आवाज येतो म्हणून पंखा बंद हाय.” मागून त्याची आई, आम्हा सगळ्यांच्या अम्मा, ओरडायच्या, “सिनू, पाणी गार होतंय, आंघोळ कधी करणार?” तेही तो कापत नसे. “अम्मा पण ब्रँडच की!”

लोकांना गंमत वाटली. हजारो बघू लागले. मला काही गंमत वाटेना. गेम करायचा बेत लॅबमधल्या रिकाम्या तासांना आम्ही दोघांनी मिळून केला होता. “पोरीचं शिक्षण होऊ दे, मग बघू,” म्हणणारा मात्र मी एकटा.

एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, “सर, तुम्ही चादरवाल्यांना खरंच ओळखता?”

“तोंडओळख आहे,” मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी गेम उतरवून घेतला. खोट काढायची तर पूर्ण खेळणं भाग होतं. पेपर तपासतोय असं घरी सांगून खेळत राहिलो, चादर पुरी केली आणि लिहिलं: ‘धोट्याचा आवाज खोटा. माग कधी ऐकलाय का? सोलापूरचं नाव घालवू नका.’

दुसऱ्या दिवशी सिनू मोबाईल नाचवत आला. “वाचलास का बे? एक स्टार!”

“एकच?” अम्मा दारातून म्हणाल्या. “चिकट दिसतो मेला.”

मी चपलेकडे बघत राहिलो. सिनू खूश होता. “बरोबर बोलला की त्यो! आवाज मी नेटवरनंच उचललेला.” लगेच तो खरा आवाज आणायला यंत्रमागांच्या गल्लीत गेला, अर्थात चादर घेऊन. कारखानदारानं दारातच अडवलं. “आमीच चादरी विणतो, आन् आमालाच इकायला आलास व्हय?” दोन गल्ल्यांत हाकलला गेला, तिसरीत आवाज मिळाला. गेममध्ये आता तोच खडखडतो.

गेल्या आठवड्यात तो आमच्याकडे आला तेव्हा हातात नवी कोरी चादर होती, प्लास्टिकच्या पिशवीत.

“ही कुणाला?”

“पक्का सोलापुरीला. सत्कार करायचाय.”

“अरे, त्यानं तुझा अपमान केलाय.”

“करू दे की. बघणारे हजारो हायत बे, पण ते चादर बघतात, अम्माचं ओरडणं ऐकतात. गेम शेवटपर्यंत एकानंच खेळलाय. कोण कुठवर खेळलं ते मला दिसतं ना आत. ज्या दिवशी त्याची चादर पुरी झाली, त्या दिवशी मी अम्माला जिलेबी आणली.”

त्यानं खांद्यावरची चादर काढून खुर्चीवर ठेवली. ती नसताना सिनू फार लहान दिसतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

“तुला म्हणून सांगतो,” तो म्हणाला, “मला वाटलेलं, पहिल्यांदा तूच खेळशील. असू दे. तुला कुठं वेळ असतो. पण त्याला शोधून दे की, तू लॅबवाला माणूस.”

“बघतो,” मी म्हणालो.

ती नवी चादर अजून पिशवीतच आहे. सिनू रोज विचारतो, “लागला का पत्ता?” ‘तो मीच’ एवढे दोन शब्द मी त्याचे देणं लागतो, आणि ते अजून दिलेले नाहीत.