दोन मजले आणि सहाशे फूट

सकाळी सव्वाआठला यज्ञेश्वर सरांनी बोअरच्या पाण्याचा नळ सोडला. नळ दोनदा खोकला, त्याने नुसती हवा सोडली आणि सरांचा संशय खात्रीत बदलला. सोसायटीत पाण्याची चोरी होत होती.

नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या बाजूच्या या बारा फ्लॅटच्या सोसायटीचे सर सेक्रेटरी होते. त्याआधी त्यांनी पस्तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं होतं. माणसाच्या गरजा अमर्याद आणि साधनं मर्यादित, हे वाक्य त्यांनी फळ्यावर इतक्यांदा लिहिलं होतं, की त्याला काही अर्थ असतो हे ते विसरून गेले होते. सोसायटीची बोअर दोनशे फुटांवरून चारशेवर आणि चारशेवरून सहाशेवर गेली, तरी सरांचं म्हणणं एकच. पाणी कमी होत नाही, कुणीतरी पळवतंय.

एरवी सर थोडी कळ काढत. पण रविवारी सभा होती. बिल्डर इमारतीवर आणखी दोन मजले चढवणार होता आणि त्या बदल्यात प्रत्येक फ्लॅटला मागच्या बाजूने एक जादा खोली मिळणार होती. सरांना ती खोली हवीच होती. बायको, गोदावरीबाई, गेल्यापासून घर त्यांना खायला उठायचं. पुण्याला असलेला मुलगा यशोधन बायको यशश्री आणि पोरांसह परत यायचं म्हणत होता, पण एका बेडरूममध्ये चौघांना कसं बोलवायचं? खोली झाली की तो येईल, हे सरांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

आडवी येत होती ती पहिल्या मजल्यावरची साळूबाई. माहेर बागलाणातल्या नामपूरचं, जीभ मिरचीहून तिखट.

"मजले लय चढवाल सर, पन त्यान्ला पानी कुठून चढवाल?"

"पाणी आहे, साळूबाई. फक्त चोर सापडायचाय."

मग सरांनी वही घातली. कुणाचं वॉशिंग मशीन किती वाजता सुरू होतं, तिसऱ्या मजल्यावरचा भिमाजी एका गाडीला किती बादल्या ओततो, सगळं तारीखवार. भिमाजीने एकदा जिन्यात हटकलं. "सर, माझ्या दारापाशी कान लावून काय करताय?" सर म्हणाले, "बुटाची नाडी." पायात चपला होत्या. त्या दिवसापासून भिमाजीही सरांकडे तिरक्या नजरेने बघायला लागला.

वहीतून चोर काही सापडला नाही. तेव्हा सरांची नजर कंपाउंडच्या भिंतीपलीकडे गेली. शेजारच्या सोसायटीची बोअर भिंतीपासून जेमतेम सहा फुटांवर होती. म्हणजे पाणी तिकडे ओढलं जात होतं. आता भिंतीलगत आपलीही नवी बोअर मारायची, असं सरांनी ठरवलं आणि इगतपुरीकडच्या दत्तू पाणाड्याला बोलावणं धाडलं.

दत्तूने तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि तो पार्किंगमध्ये हळूहळू चालू लागला. भिंतीजवळ आल्यावर नारळ ताडकन उभा राहिला.

"हितं लय पानी हाय सर. मागच्या महिन्यात पलीकडं बी येऊन गेलो, पन असा नारळ नव्हता उठला."

सरांच्या कपाळाला आठी पडली. हा पलीकडे जाऊन आलेला माणूस. त्यांनी आपल्या गळ्यातला मफलर काढून दत्तूच्या डोळ्यांवर बांधला, त्याला जागच्या जागी तीनदा फिरवलं आणि पुन्हा चालवलं. दत्तू आधी भिमाजीच्या गाडीला धडकला, पण नारळ उभा राहिला तो त्याच जागेवर.

"आता नारळाचीबी साक्ष घ्या," साळूबाई गॅलरीतून म्हणाली.

शनिवारी सकाळी बोअरची गाडी आली. ड्रायव्हर तमिळ होता. त्याने पायाने जमीन ठोकून पाहिली, कान दिला आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "सार, इधर नीचे टाकी है क्या? आवाज खाली डब्बा जैसा आता."

महापालिकेचं पिण्याचं पाणी साठवायची जमिनीखालची टाकी सरांना चांगली ठाऊक होती. तिचं झाकण फाटकापाशी होतं. तिथून भिंत चांगली वीस पावलं. मग या परक्या माणसाला टाकीची एवढी चौकशी कशाला? शेजाऱ्यांनी पढवून पाठवलं असणार.

"टाकी उधर है. तुम मशीन चलाओ. ज्यादा बात नहीं," सर म्हणाले.

मशीन सुरू झालं. सात फुटांवर गेलं न गेलं, तोच मशीनच्या हवेच्या दाबाने पाण्याचा फवारा दुसऱ्या मजल्यापर्यंत उडाला. लोक गॅलऱ्यांमधून ओरडले, कुणी हळदकुंकू आणलं, आणि सर चिंब भिजून डोळे पुसत उभे राहिले. त्यांना ती खोली दिसायला लागली होती.

"सात फुटांवर पाणी," भिमाजी म्हणाला. "सर, आता दोन काय, पाच मजले चढवा."

साळूबाई खाली आली. तिने ओंजळ धरली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"बोअरचं पानी मचूळ लागतं. ह्याला औषधाचा वास हाय. आपल्या पिन्याच्या नळाचं पानी हे."

मशीन थांबवेपर्यंत टाकीचा तळही फुटला होता. टाकी झाकणापासून भिंतीपर्यंत लांबच लांब पसरलेली आहे, हे सोसायटीला त्या दिवशी कळलं. तासाभरात आत चिखल तेवढा उरला.

दुपारी सर मान खाली घालून शेजारच्या सोसायटीत गेले. तिथल्या सेक्रेटरी तेजस्विनीताईंनी त्यांना बसवलं, अर्धा ग्लास पाणी दिलं आणि एक वही पुढे सरकवली. सरांच्या सोसायटीची मोटर रोज किती वाजता सुरू होते, किती वेळ चालते, सगळं तारीखवार.

"आमची बोअर महिन्यापूर्वीच आटली, सर. आम्हाला वाटलं तुम्हीच ओढताय. म्हणून मी गच्चीवरून पाळत ठेवत होते."

"मग चोर कोण?"

"चोर कसला? खाली पाणी एकच. दोघांनी मिळून ओढलं, संपलं. आम्ही टँकरवर आहोत, फक्त कुणाला सांगत नाही."

त्या अर्ध्या ग्लासाकडे बघताना सरांना फळ्यावरचं ते वाक्य पहिल्यांदा समजलं. पस्तीस वर्षं आपण पोरांना काय सांगत होतो, या विचाराने त्यांना मनापासून लाज वाटली.

रविवारच्या सभेत ते उभे राहिले. खोलीचा मोह गिळून म्हणाले, "मजले नकोत. बारा घरांना पुरत नाही, अठरांना कुठून देणार?"

मग भिमाजीने घसा खाकरला.

"सर, परवापर्यंत तुम्हीच घरोघर सह्या मागत होता. काल शेजारी तासभर बसून आलात आणि आज एकदम विरोध? कुठंतरी पाणी मुरतंय."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सर विरोध करतायत म्हणजे मजल्यांत नक्कीच मोठा फायदा असणार, असं सगळ्यांचं एकमत झालं. संशय घ्यायला त्यांना सरांनीच शिकवलं होतं. ठराव दहा विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. सरांच्या बाजूने एकट्या साळूबाईचा हात वर होता.

संध्याकाळी सरांनी यशोधनला फोन लावला.

"जादा खोलीचं नक्की झालं बरं का."

"खोली कशाला हो बाबा, आम्ही हॉलमध्येही झोपू. जूनमध्ये येतोयच. इथं बावीस मजल्यांचा टॉवर आणि दिवसाला तीन टँकर. यशश्री म्हणते, पुरे झालं, आपल्या नाशिकला निदान पाणी तरी आहे."

सरांची नजर कोरड्या नळाकडे गेली.

"बाबा? आहे ना पाणी?" यशोधनच्या आवाजात संशय डोकावला. तो आवाज सरांच्या चांगल्या ओळखीचा होता. हुबेहूब त्यांचाच.

"खोली छान हवेशीर होणार आहे रे," सर म्हणाले.